फ्रीजबाहेरच बरं राहणारं अन्न: कुठलं, का आणि पुण्याच्या कुठल्या ऋतूत

मंडईतून आणलेली पिशवी फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यात जशीच्या तशी रिकामी करायची सवय पुष्कळ घरांत असते. चार-पाच दिवसांनी काकडी बुळबुळीत होते, वांगं चिरलं तर बिया काळपट निघतात, टोमॅटोला चव लागत नाही, केळ्याची साल काळीठिक्कर पडते. मग दोष भाजीवाल्याला दिला जातो. यातलं बरंचसं नुकसान मात्र घरी आल्यावर, थंडीने झालेलं असतं.

फ्रीज एक काम चोख करतो, ते म्हणजे जंतू आणि बुरशीची वाढ मंदावणं. त्यासाठी आतलं तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास लागतं. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून दूध, पनीर, मासे, मटण, शिजवलेलं अन्न यांना फ्रीजशिवाय पर्याय नाही. पण प्रत्येक पदार्थ जंतूंमुळेच बिघडतो असं नाही. कांदा कोंडलेल्या ओलाव्याने सडतो, केळं थंडीने काळं पडतं, पाव कडक होतो, मसाला दमट हवा लागून गोळा होतो. यातल्या एकावरही फ्रीज हे औषध नाही, उलट काहींचं तो कारणच आहे. म्हणून वस्तू कुठे ठेवायची हे ठरवताना आधी विचारायचं, ही बिघडते कशाने?

दुसरा प्रश्न 'बाहेर' म्हणजे कुठे, हा. थंड देशांतल्या सल्ल्यांमध्ये 'खोलीचं तापमान' म्हणजे १८ ते २० अंश. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८-४० अंशांवर जातो आणि गॅस पेटलेला असताना स्वयंपाकघरही ३२-३५ अंशांना पोचतं. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान उतरतं, पण हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १०-१२ अंशांच्या. म्हणजे आपलं 'बाहेर' वर्षातून तीनदा बदलतं, आणि जानेवारीत बरोबर असलेली जागा मे महिन्यात चुकीची ठरू शकते.

वाड्यात माजघर होतं, भिंतीतलं फडताळ होतं, शिंकं होतं. गारवा, अंधार आणि खेळती हवा या तिन्हींची सोय घरातच होती. फ्लॅटमध्ये ती शोधावी लागते. फ्रीजच्या माथ्यावरची जागा टाळा, तिथे मोटरची ऊब येते. सिंकखालचा कप्पा दमट असतो, गॅसच्या शेजारचा तापतो. ऊन न येणाऱ्या भिंतीलगतचा, जमिनीपासून वीतभर उंचीचा रॅक सगळ्यांत बरा, कारण खोलीत खाली हवा थोडी गार असते.

कांदा, बटाटा, लसूण

बटाटा थंडीत गोड होतो. साधारण ६-७ अंशांच्या खाली त्यातल्या पिठूळ भागाची, म्हणजे स्टार्चची, साखर व्हायला लागते. असा बटाटा उकडून भाजी केली तर ती विचित्र गोडसर लागते, आणि काचऱ्या तळल्या तर आतून शिजायच्या आधीच बाहेरून करपट तपकिरी होतात, कारण ती साखर तेलात लगेच रंग धरते. शीतगृहातून बाजारात आलेला बटाटाही काही वेळा असा गोड निघतो. त्यावर उपाय आहे. १५ ते २० अंशांना दोन-तीन आठवडे ठेवला तर बरीचशी साखर कमी होते. पुण्याच्या हिवाळ्यात हे घरच्या टोपलीत आपोआप घडतं.

बटाट्याला अंधार हवा. उजेडात तो हिरवा पडतो. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो, पण त्याच उजेडात सालीखाली सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यंही वाढतात आणि ती उकडून-तळून जात नाहीत. हिरवा भाग थोडा असेल तर जाड कापून टाका, डोळे खोलवर काढा. अर्धा बटाटा हिरवा असेल किंवा चव कडू लागली तर पूर्ण टाकून द्या. प्लास्टिकच्या पिशवीत बटाटा कधीच ठेवू नका. कांदा-बटाटा दोन्ही जिवंत असतात, श्वास घेतात, ओल सोडतात, आणि ती ओल पिशवीत कोंडते. कागदी पिशवी, गोणपाट किंवा भोकांची टोपली घ्या, वर कागद झाका. मे महिन्यात एक वेगळी अडचण येते. ढिगात हवा खेळली नाही आणि उष्णता ३५ अंशांच्या पुढे गेली की बटाट्याला आतमध्ये प्राणवायू कमी पडतो आणि मधोमध काळा डाग धरतो. वरून तो ठणठणीत दिसतो. म्हणून उन्हाळ्यात आठवड्याला पुरेल एवढाच बटाटा आणावा. सातगाव पठाराचा असो की परराज्यातला, मे महिन्यात पाच किलो भरून ठेवण्यात फायदा नाही.

कांद्याचं गणित तो कुठल्या हंगामाचा आहे त्यावर आहे. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळी कांदा, ज्याला गावठी किंवा गरवा म्हणतात, तो टिकाऊ. साल घट्ट, मान बारीक आणि सुकलेली. शेतकरी तो चाळीत चार-पाच महिने ठेवतात. कांदाचाळीला मशीन लागत नाही, जमिनीपासून वर उचललेला फटींचा तळ, फटींच्या भिंती आणि वर छप्पर, एवढंच. खालून हवा शिरते, वरून निघते. पुणे जिल्ह्यात चाकण, मंचर, जुन्नर भागात अशा चाळी दिसतात, आणि देशाची कांदा व लसूण संशोधन संस्थाही आपल्याच जिल्ह्यात राजगुरुनगरला आहे. घरातली टोपली ही त्या चाळीची छोटी प्रत असावी. भोकं मोठी हवीत, दोनच थर, खाली दोन विटा किंवा स्टँड.

ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येणारा लाल खरीप कांदा ओलसर असतो, त्याला लवकर कोंब फुटतात. तो दोन आठवड्यांपुरताच घ्या. कुठलाही कांदा निवडताना मान दाबून पाहा. मऊ लागली तर सडणं तिथूनच सुरू होणार. सालीवर काजळीसारखी काळी पूड दिसली तर ती बुरशी असते. वरची एक-दोन आवरणं काढून कांदा धुऊन घेतला आणि आत स्वच्छ असेल तर चालतो, आत पसरली असेल तर टाकावा.

फ्रीजमध्ये अख्खा कांदा मऊ पडतो आणि त्याचा वास दुधाला लागतो. कांदा आणि बटाटा एका टोपलीत मात्र नको, बटाट्याच्या ओलीने कांदा आधी जातो. चिरलेला कांदा घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्येच ठेवावा, तीन-चार दिवस चालतो. चिरलेला कांदा रात्रीत विषारी होतो हा समज खरा नाही.

लसणाचा अख्खा गड्डा बाहेर कोरड्या जागी महिना-दोन महिने राहतो, फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढला की कोंब धरतो. सोललेल्या पाकळ्या फ्रीजमध्ये. एक गोष्ट जिवावर बेतू शकते म्हणून स्पष्ट सांगायला हवी. कच्चा लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा नसतो, आणि अशा जागी बोटुलिझमचे जंतू विष तयार करू शकतात. त्या विषाला वास नसतो, चवही बदलत नाही. असं तेल हवंच असेल तर थोडं करा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

थंडीचा मार बसणारी फळं-भाज्या

केळं, आंबा, सीताफळ, पपई, वांगं, काकडी, भेंडी, रताळं ही सगळी उष्ण हवेतली पिकं. साधारण १० ते १३ अंशांच्या खाली त्यांच्या पेशींची आवरणं सैल होतात, आतला रस बाहेर झिरपतो, आणि हवेशी गाठ पडून तो काळा पडतो. साल खड्डे धरते, फळ नीट पिकत नाही. फसवणारी गोष्ट अशी, की हे नुकसान फ्रीजमध्ये असताना फारसं दिसत नाही. बाहेर काढल्यावर काही तासांत उमटतं. काकडी थंड असताना कडक वाटते, ओट्यावर ठेवली की तिला पाणी सुटतं.

केळ्याची सीमा १३ अंश. हिरवं केळं फ्रीजमध्ये गेलं तर नंतर बाहेर काढूनही ते बेताचंच पिकतं. पूर्ण पिकलेलं केळं मात्र दोन-तीन दिवस आत ठेवता येतं. साल काळी होते, गर चांगला राहतो. फणी टोपलीत आडवी ठेवली की खालच्या बाजूला डाग पडतात, म्हणून टांगलेली बरी. पिकणारी केळी, आंबे, सफरचंद इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्याने शेजारची काकडी पिवळी पडते आणि पालेभाजी लवकर मरगळते. त्यांना वेगळा कोपरा द्या. उलट कच्ची पपई किंवा कच्चा चिकू लवकर पिकवायचा असेल तर कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्यासोबत ठेवा.

हापूसची पेटी घरी आली की सगळे आंबे एका थरात, पेंढ्यावर किंवा वर्तमानपत्रावर, देठाची बाजू वर करून मांडा. आढी घालायची तीच पद्धत आजही सर्वांत चांगली आहे. रोज एकदा हात फिरवायचा, देठाजवळ थोडा नरम आणि सुवासिक लागला तो उचलायचा. डाग पडलेला आंबा त्याच दिवशी बाजूला काढा, नाहीतर बुरशी शेजाऱ्यांना लागते. पिकलेला आंबा फ्रीजमध्ये चार दिवस राहील, पण खायच्या तासभर आधी बाहेर काढून पाण्यात ठेवा, कारण थंड आंब्याचा सुगंध नाकापर्यंत पोचतच नाही. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवला तर साल सुरकुतते आणि गर आंबट-फिका राहतो.

सासवड-पुरंदरकडचं सीताफळ असंच. डोळे उघडले, दाबलं की नरम लागलं, की ते तयार झालं. त्याआधी बाहेर, त्यानंतर जास्तीत जास्त एक-दोन दिवस आत. त्याच तालुक्यातले अंजीर मात्र उलट आहेत, ते तोडल्यावर पिकतही नाहीत आणि थांबतही नाहीत. अंजीर आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या घरी आल्या की न धुता थेट फ्रीजमध्ये ठेवा.

टोमॅटोचा विषय जरा खोल आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांचं संशोधन प्रसिद्ध झालं. पिकलेले टोमॅटो ५ अंशांना आठवडाभर ठेवल्यावर स्वाद देणारी सुगंधी द्रव्यं बनवणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही तो स्वाद पूर्ण परत येत नाही, असं त्यांना आढळलं. साखर आणि आंबटपणा मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणून फोडणीच्या टोमॅटोला फ्रीज फारसा बाधत नाही, कोशिंबिरीच्या टोमॅटोला बाधतो. पण पुण्याच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवायलाही मर्यादा आहे. ३० अंशांच्या वर टोमॅटोचा लाल रंग नीट तयार होत नाही, म्हणून मे महिन्यात ओट्यावर पिकवलेला टोमॅटो नारिंगी-पिवळट राहतो. एप्रिल-मेमध्ये अर्धवट लाल टोमॅटो आणावेत, सगळ्यांत गार कोपऱ्यात देठाची बाजू खाली करून ठेवावेत (ओलावा देठाच्या खुणेतूनच उडतो), आणि पूर्ण लाल झाले की दोन-तीन दिवसांसाठी फ्रीजमध्ये हलवावेत. थंडीत फ्रीजची गरजच नाही.

वांगी, काकडी आणि भेंडी दोन दिवसांत संपणार असतील तर बाहेर सावलीत, वर सुती फडकं घालून ठेवा. त्याहून जास्त दिवस ठेवायची तर कागदात किंवा कोरड्या कापडात गुंडाळून फ्रीजच्या सर्वांत कमी थंड भागात, आणि चार दिवसांच्या आत शिजवा. रताळी कधीच आत नको. थंडीने त्यांचा गाभा असा कडक होतो की कितीही उकडली तरी दाताखाली लाकडासारखा लागतो. उपासाच्या दिवशी 'रताळी कच्ची राहिली' म्हणतात, त्याचं हे एक कारण असतं. लाल भोपळा अख्खा, देठासकट, कोरड्या फळीवर दोन महिने सहज राहतो. चिरल्यावर बिया आणि धागे काढून फ्रीजमध्ये. कलिंगडही अख्खं असताना बाहेर. खायच्या आधी दोन-तीन तास गार करायला आत ठेवलं तर हरकत नाही, पण कापल्यानंतर ते उघड्यावर ठेवायची वस्तू नाही.

पाव

पाव शिळा होतो तेव्हा तो फक्त वाळत नाही. भट्टीत मऊ झालेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि ही क्रिया सगळ्यांत वेगाने होते ती फ्रीजच्या तापमानालाच. प्लास्टिकमध्ये बांधून ठेवला तरी लादीपाव फ्रीजमध्ये एका रात्रीत चिवट होतो तो यामुळे. दोन दिवसांत संपणारा पाव बाहेर, कापडात किंवा डब्यात. जास्त असेल तर थेट फ्रीझरमध्ये. उणे १८ अंशांना ही क्रिया जवळजवळ थांबते. पावसाळ्यात बुरशी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दिसते, तेव्हा फ्रीझरच बरा. कडक झालेला पाव तव्यावर ६० अंशांच्या वर तापला की पुन्हा मऊ होतो, पण तेवढ्यापुरताच, लगेच खावा. बुरशीचा एक ठिपका दिसला तर तो तुकडा काढून उरलेला पाव खाऊ नका, धागे आतपर्यंत गेलेले असतात.

मसाला, तूप, लोणचं, मध

उन्हाळ्यात वर्षाचा गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि तिखट करून ठेवायची बेगमी आजही बऱ्याच घरांत होते. त्याला फ्रीज चांगला की वाईट? साठा म्हणून चांगला, रोजचा डबा म्हणून वाईट. जुलैतल्या दमट हवेत फ्रीजमधली बरणी उघडली, की थंड मसाल्यावर हवेतलं पाणी दव पडावं तसं बसतं. रोज दोनदा उघडली तर पंधरा दिवसांत गाठी आणि महिन्यात बुरशी. म्हणून वर्षाचा साठा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत भरून फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवा, महिन्याची एकेक बरणी काढा आणि ती पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, मोठी असेल तर रात्रभर, झाकण उघडू नका. मसाल्याचा रोजचा डबा बाहेर, गॅसपासून लांब. वाफ निघणाऱ्या पातेल्यावर डबा धरून मसाला घालायची सवय मोडा, ओल तिथूनच शिरते. कॉफी पूड आणि चहालाही हाच नियम.

तुपात पाणी जवळपास नसतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांप्रमाणे ०.५ टक्क्याहून जास्त नको. पाणी नाही म्हणून जंतू वाढत नाहीत, आणि नीट कढवलेलं तूप बाहेर महिनोन्महिने राहतं. ते बिघडतं ते ओल्या चमच्याने, उजेडाने किंवा कच्चं कढवल्याने. बेरी तांबूस होऊन फेस बसेपर्यंत आणि तडतड थांबेपर्यंत कढवा. रवाळ तूप हवं असेल तर सावकाश गार होऊ द्या, फ्रीजमध्ये ते घाईने गोठतं आणि कणी बारीक राहते.

कैरीचं लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि वरच्या तेलाच्या जोरावर. १ किलो फोडींना साधारण १५० ते २०० ग्रॅम मीठ आणि फोडींच्या वर बोटभर तेल असेल तर बरणी बाहेरच ठेवा. कमी मिठाचं, बिनतेलाचं किंवा ताजं घालून खायचं लोणचं मात्र फ्रीजमध्येच. 'कमी मीठ खातो' म्हणून मीठ निम्मं करून बरणी जुन्या पद्धतीने कपाटात ठेवली, तर बुरशी येणारच.

मध बाहेर. १०-१५ अंशांना तो लवकर साखरतो, म्हणून पुण्याच्या जानेवारीत बरणीच्या तळाशी कणी दिसली तर तो भेसळीचा म्हणून टाकू नका. ४०-४५ अंशांच्या कोमट पाण्यात बरणी ठेवली की विरघळतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये, फ्रीजमधला असो की बाहेरचा.

कपाटात राहतात, पण राहू नयेत

शेंगदाण्याचं कूट, सुक्या खोबऱ्याचा कीस, अक्रोड, तीळ आणि जवस यांतलं तेल उष्णतेने खवट होतं. मार्च ते जूनमध्ये कूट आठवड्यापुरतंच बाहेर, उरलेलं घट्ट डब्यात फ्रीजमध्ये. बाजरीचं पीठ तर त्याहून नाजूक. दळताना दाण्यातलं तेल आणि ते फोडणारं विकर (एन्झाइम) एकत्र येतात, आणि पीठ काही दिवसांतच कडवट लागतं. आठ दिवसांचं दळून आणा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. ज्वारीचं पीठ थोडं जास्त तग धरतं.

आणि रात्रीचा उरलेला भात. फ्रीजमध्ये तो पावासारखाच कडक होतो, म्हणून सकाळी फोडणीचा भात करायला कुकर तसाच ओट्यावर झाकून ठेवायची पद्धत आहे. ती सोडायला हवी. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष फोडणीच्या उष्णतेने नष्ट होत नाही, त्यामुळे सकाळी भात कितीही खरपूस परतला तरी उलट्या टळत नाहीत. उरलेला भात कुकरमधून काढून ताटात पातळ पसरा, वाफ गेली की डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. हे सगळं दोन तासांच्या आत, आणि एप्रिल-मेच्या गरम स्वयंपाकघरात एका तासाच्या आत. कडक झालेला भात परतताना वर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की वाफेने पुन्हा मोकळा आणि मऊ होतो.